सबनीस काकांचा उजवा खिसा

सबनीस काकांच्या जाकिटाच्या उजव्या खिशाला कायम संत्र्याचा वास यायचा. डोंगर चढताना ते वाटेत थांबत, संत्री सोलत, सगळ्यांना फोडी वाटत आणि मग प्रत्येकापुढे हात पसरून सालं परत मागत. "आण इकडे. डोंगराला कचरापेटी नसते, मला खिसा आहे." लहान मुलांनी थुंकलेल्या बियासुद्धा त्या खिशात जात. घरी आल्यावर माधवी काकू तो खिसा उलटा करून सिंकवर झटकत आणि म्हणत, "मुलगा इंजिनियर आहे असं सांगून मला यांच्या गळ्यात बांधलं. घंटागाडी आहे हे कुणी बोललं नाही."

मी अमेरिकेत बॉयसीला शिकायला आले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. आयडाहो नावाचं राज्य नकाशात कुठे आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. माहीत होती ती पत्रकं. सांगलीला आमच्या बाहेरच्या खोलीत सतत कुठल्या ना कुठल्या मोर्चाची पत्रकं पडलेली असायची आणि त्यांच्या घड्या घालत मी मोठी झाले. मला अजूनही एखादी गोष्ट पटली नाही की ती मुद्द्यांसकट, आवाहनासकट सुचते. काकांच्या घरच्या पहिल्याच गणपतीत मी आरतीच्या आधी पाहुण्यांना श्रद्धा आणि व्यापार यांच्यावर बरंच ऐकवलं. खोलीत कुणी हलेना. काका मात्र शेवटपर्यंत मान डोलावत ऐकत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. "पहिली बाजू छान आहे. आता जेव. मागची बाजू जेवण झाल्यावर वाचू."

त्या दिवसापासून मी 'पत्रकबाई' झाले.

गणपतीच्या त्या दिवशी त्यांच्या अंगात झब्बा होता आणि डोक्यावर काळी, चपटी, लोकरी टोपी. ती टोपी बास्क लोकांची. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांत हे लोक राहतात, त्यांची भाषा शेजारपाजारच्या कुठल्याच भाषेशी नातं सांगत नाही, आणि त्यांच्यातली कितीतरी तरुण मुलं एके काळी मेंढ्या राखायला इकडच्या उघड्याबोडक्या डोंगरांत आली. बॉयसीत त्यांची घरं आहेत, खानावळी आहेत, नाच आहेत. काका रस्तेबांधणी खात्यात नोकरीला लागले तेव्हा मराठी माणूस औषधाला नव्हता. त्यांना खोली मिळाली ती बास्क मेंढपाळांच्या एका खानावळीच्या वर.

त्या खानावळवालीची गोष्ट काका दर वर्षी सांगत आणि दर वर्षी उभे राहून सांगत. पहिल्या रात्री तिने बीन्सचं भांडं पुढे ठेवलं, त्यात डुकराच्या सॉसेजचे तुकडे. काकांनी खुणा करून सांगितलं, मांस नको. तिने चमच्याने तुकडे वेचून बाजूला काढले आणि भांडं परत पुढे सरकवलं. "मी तेच जेवलो," काका म्हणत. "आईला कळवलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात बघतो तर शेगडीवर एक छोटं पातेलं वेगळं. तिने कुणाला विचारलं नाही, मला सांगितलं नाही. नुसतं वेगळं पातेलं. मी तिथून बाहेर पडलो तोवर ते पातेलं माझं होतं."

"आणि इथे मी चाळीस वर्षं वेगळं पातेलं ठेवतेय, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही," आतून काकू.

त्याच खानावळीत त्यांना शाबिएर भेटला. काकांपेक्षा दहा-एक वर्षांनी मोठा, तरुणपणी मेंढपाळ, मग सुतार. दर गुरुवारी त्या दोघांची आणखी दोघांबरोबर पत्त्यांची बैठक असे. त्यांच्या खेळात आपल्या भिडूला डोळे मिचकावून, ओठ चावून खुणा करायची रीतच आहे. काकांना त्याची इतकी सवय लागली होती की आमच्या मराठी मंडळाच्या मेंढीकोटात ते माझ्याकडे बघून डोळा मारत आणि विरुद्ध बाजूची वहिनी पत्ते टाकून उठे. पत्ते खेळताना शाबिएर त्यांना 'इंजिनियर' म्हणायचा, आणि हरल्यावर बास्क भाषेत काहीतरी, ज्याचा अर्थ काकांनी कधी सांगितला नाही.

तो डोंगर काकांना शाबिएरने दाखवला. नकाशात त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. आम्ही सगळे त्याला 'बास्क डोंगर' म्हणायचो. पायथ्यापासून निम्म्या उंचीवर ॲस्पेनची राई आहे. पांढऱ्या सालीची, सडपातळ झाडं, पानं जराशा वाऱ्यानेही थरथरणारी. त्यांच्या सालींवर मेंढपाळांनी चाकूच्या टोकाने ओरखडे काढून ठेवलेत: आपलं नाव, गावाचं नाव, कुठे घोडा, कुठे एक बाई, कुठे नुसतं घर. अख्खा उन्हाळा दोन कुत्री आणि हजारभर मेंढ्यांबरोबर काढणारा वीस वर्षांचा पोरगा दुसरं काय करणार? झाड वाढलं तशी ती अक्षरं काळी पडून फुगली.

त्या राईत शिरण्याआधी काका सगळ्यांना थांबवत. "चाव्या, चाकू, पेन, सगळं खिशात." नवीन आलेल्या एका मुलाने एकदा हसत हसत गाडीची चावी झाडाला लावली. "काका, इथे सगळ्यांनीच लिहिलंय की. आपलं पण एक, 'पुणे'!" काकांनी त्याचं मनगट धरलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मी कॉलेजात असताना सुटीत तारेचा ब्रश घेऊन किल्ल्यावर जायचो. बुरुजावरचे बदाम खरवडायला. ऑइलपेंट जात नाही रे, दगड जातो. तेव्हापासून मला 'अमुक लव्ह तमुक' लिहिणाऱ्याचा हात ओळखता येतो. हा तो हात आहे." मग त्याला एक संत्र्याची फोड दिली. "ही माणसं इथे राहिली. आपण पाहुणे."

'आपण पाहुणे' हे त्यांचं वाक्य मला आवडायचं. त्यांचं दुसरं वाक्य मला आवडायचं नाही. ते होतं 'बघू या'. काकांना समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नसे. मंडळात कुणी म्हणालं संक्रांतीला डीजे लावू, काका म्हणत बघू या. कुणी म्हणालं डीजे नको, तेव्हाही बघू या. मी त्यांना एकदा चिडून म्हटलं, "काका, माणसाने एक बाजू घ्यावी." ते म्हणाले, "तू घे की. तुला बाजू घेता यावी म्हणून मी मधे उभा राहतो." मला हे उत्तर तेव्हा फार हुशार वाटलं होतं.

राईच्या वर झाडं संपतात आणि मग माथ्यापर्यंत नुसतं गवत, वारा आणि दगड. माथा असा की चारही बाजूंना डोंगरांच्या ओळी, एकामागे एक, फिकट होत गेलेल्या. तिथे मधोमध दगडांचा एक माणूस उभा होता. माणूस म्हणजे रचलेला दगडांचा खांब, माझ्याहून हातभर उंच, खांद्यापाशी रुंद आणि वर एक गोलसर दगड. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. मेंढपाळ असे खांब उभे करत, वाट दिसावी म्हणून, आणि वेळ जावा म्हणून. बास्क भाषेत त्यांना 'दगडाची पोरं' म्हणतात.

हा मार्तिनने रचला होता. मार्तिन हा शाबिएरचा थोरला भाऊ. खांब रचला त्याच वर्षी, हिवाळा लागायच्या आधीच अवेळी बर्फ झालं, त्यात मार्तिन गेला. त्याला खाली गावात पुरलं, पण त्याची आई कधी अमेरिकेत आली नाही. तिला पाठवला गेला तो या खांबाचा फोटो. तो फोटो त्या म्हातारीच्या पलंगाशी होता, ती गेल्यावर शाबिएरकडे परत आला. दर उन्हाळ्यात शाबिएरचं कुटुंब आणि आणखी काही बास्क घरं माथ्यावर येत. एक पोरगा बासरी वाजवे, चार जण नाचत, आणि प्रत्येक जण खालून आणलेला एक दगड खांबाच्या पायाशी ठेवी. खांबावर नाही, पायाशी. मग शाबिएर दऱ्यांकडे तोंड करून एक लांब, चढत जाणारी आरोळी ठोके. मेंढपाळ एकमेकांना तशी हाक घालत. काकांनाही ती जमायची. काकू म्हणत, "परसात सराव केला यांनी. शेजाऱ्यांनी दुसरं घर बघितलं."

एवढं सगळं सांगून झालं. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मंडळ वाढत चाललं होतं. चिप कंपनीतली नवी मंडळी, पुण्या-नागपूरची, उत्साही. अध्यक्ष नितीन. माणूस मनाने चांगला, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायचा असे. त्याने ठरवलं की या वर्षी मंडळ आणि बास्क कुटुंबांनी मिळून माथ्यावर जायचं. काका आनंदले. इतकी वर्षं ते दोन घरांमध्ये ये-जा करत होते, आता दोन्ही घरं एकत्र जेवणार होती. शाबिएरला आता चढवत नसे. मागच्या बाजूने कच्चा रस्ता बराच वर जातो, तिथपर्यंत त्याची नात आमाया त्याला गाडीने घेऊन आली आणि उरलेली चढण काकांच्या हाताला धरून तो आला. दोघांच्या डोक्यावर सारख्या काळ्या टोप्या. मी मागे चालत होते. काका त्याला काही सांगत होते आणि तो हसत होता.

बासरी झाली, नाच झाला. आमच्या बायकांनी फेर धरला, बास्क मुली त्यात शिरल्या. सगळं छान चाललं होतं. मग नितीनने पिशवीतून नारळ काढला.

"शुभकार्य आहे, नारळ फुटलाच पाहिजे. काका, तुमच्या हस्ते!"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "खाली फोडू. गाडीपाशी."

"काका, प्लीज यार. सगळे थांबलेत, व्हिडिओ चालू आहे."

"कशावर फोडणार? इथे सगळी खडी आहे."

"हा आहे की," कुणीतरी म्हणालं आणि खांबाच्या कमरेपाशी बाहेर आलेला एक चपटा दगड दाखवला. "अहो, देवासारखाच आहे. त्याच्यापुढे फोडायचा म्हणजे मानच झाला ना त्याचा."

मला बोलायचं होतं. ज्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटायचा त्या घरातली मी. तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. पण काकांचा एवढा चांगला दिवस, आणि मी काही म्हटलं की 'आली पत्रकबाई' म्हणून हशा होणार. मी गप्प राहिले. काका म्हणाले, "बघू या."

शाबिएरने विचारलं, काय चाललंय? काकांनी त्याला सांगितलं की आमच्याकडे मान द्यायचा तर असं फळ फोडतात, पहिलं पाणी त्या जागेला वाहतात. शाबिएरने नारळ हातात घेऊन पाहिला, त्याच्या शेंडीवरून बोट फिरवलं. मग खांबाकडे मान करून विचारलं, "याला काही होणार नाही ना, इंजिनियर?"

"नाही," काका म्हणाले.

आयुष्यभर रस्ते आणि भराव बांधलेला माणूस. किती हिवाळ्यांचं बर्फ त्या दगडांमध्ये गोठून वितळलं असेल हे तिथल्या कुणापेक्षाही त्यांना जास्त कळत होतं. पण एका बाजूला शाबिएर होता, दुसऱ्या बाजूला मोबाइल वर धरून उभी आपली माणसं होती, आणि काकांना दोन्हीकडे हो म्हणायचं होतं.

पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. इथल्या दुकानातले नारळ जुने असतात, कठीण. लोक हसले. "काका, जोर लावा! काकूंचा चहा कमी पडला का?" दुसऱ्यालाही नाही. आता काकाही हसत होते. लाजून, खेळात आलेल्या मुलासारखे. तिसऱ्या वेळी त्यांनी हात डोक्यावर नेऊन मारला. नारळ फुटला. 'मोरया!' झालं, टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या चालू असतानाच तो चपटा दगड आत सरकला, खांद्याचे दगड कलले, आणि मार्तिनचा माणूस गुडघ्यातून खचावा तसा खाली बसला. वरचा गोल दगड गडगडत गवतात जाऊन थांबला.

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. मागच्यांना दिसलं नव्हतं. त्यांना वाटलं नारळ चांगला फुटला. एक टाळी माझीही त्यात होती. तो आवाज, दगड पडत असतानाचा, आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

आमाया तोंडावर हात ठेवून उभी होती. शाबिएर हळूहळू पुढे आला. तो ओरडेल म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो काकांना म्हणाला, "तुझ्या हातातून रक्त येतंय." करवंटीने काकांचा तळवा कापला होता. शाबिएरने खिशातून रुमाल काढून तो बांधला, सुतार बांधतो तशी घट्ट गाठ मारून.

काका गुडघ्यांवर बसले आणि त्याच हाताने दगड उचलून दगडावर ठेवू लागले. एक ठेवला, दुसरा ठेवला, दुसरा घसरला.

"नको," शाबिएर म्हणाला. "मार्तिनने तो कसा रचला होता ते मला माहीत नाही. तुला कसं असेल?"

त्या दिवशी कुणी आरोळी ठोकली नाही.

पुढच्या शनिवारी नितीनकडे बैठक झाली. चहा, चिवडा, माफी. नितीनचे डोळे सुजलेले होते. तो खरोखर झोपला नव्हता. पण त्याला उपाय सापडला होता: मंडळाने सिमेंटमध्ये नवा खांब बांधून द्यायचा, खाली पाटी, दोन्ही समाजांच्या मैत्रीचं प्रतीक वगैरे. मीही रात्रभर बसून निवेदन लिहून नेलं होतं. जाहीर माफी, सात मुद्दे, आपल्या कर्मकांडाची चिकित्सा. मी ते आवेशाने वाचलं. मला वाटत होतं, आता तरी काका बाजू घेतील.

काकांनी दोन्ही ऐकलं. हाताला पट्टी होती.

"पाटी नको," ते म्हणाले. "आणि पत्रकही नको."

"काका, पण आपण सगळ्यांनी मिळून—"

"सगळ्यांनी नाही फोडला, नितीन. सगळ्यांनी मिळून फोडला म्हटलं की मला फार बरं वाटेल. म्हणून नको." मग माझ्याकडे बघून, "तुझं बरोबर आहे सगळं. पण शाबिएरने मला 'काही होणार नाही ना' म्हणून विचारलं आणि मी 'नाही' म्हणालो, ते कुठल्या मुद्द्यात बसतं?"

कागदाची मी घडी घातली. घड्या मला चांगल्या घालता येतात.

त्यानंतर काकांनी टोपी घातली नाही. गुरुवारी ते पत्त्यांना गेले नाहीत. मला वाटलं होतं, तिकडून बोलावणं येत नसेल. एकदा जिन्यात काकू भेटल्या, हातात कपड्यांची बादली. "तो फोन करतो गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दर गुरुवारी, जेवायच्या वेळी. हे फोनकडे बघत बसतात, वाजून वाजून थांबेपर्यंत. मी म्हटलं, अहो उचला, त्याला राग नाहीये. तर म्हणतात, म्हणूनच." बादली खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या. "ऐंशीच्या पुढे गेलाय तो. किती गुरुवार राहिलेत दोघांचे? लाजेला वेळ काढायचा तर तेवढा वेळ हवा ना."

हिवाळा तसाच गेला. काकांच्या तळव्यावरची जखम भरली, वर एक पांढरी रेघ राहिली. मंडळातले लोक त्यांच्याशी जास्तच गोड बोलू लागले आणि त्या दिवसाविषयी कुणी बोलेना. व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला गेला. मला या गोड बोलण्याची चीड येई, आणि चीड आली की आपली ती टाळी आठवे.

उन्हाळ्यात बास्क कुटुंबं पुन्हा डोंगरावर निघाली. आमायाने मला मेसेज केला, यायचं तर ये. मंडळ गेलं नाही. मी गाडी मागायला वर गेले तर काका म्हणाले, "मी सोडतो." काकूंनी न विचारता संत्री बांधून दिली.

पायथ्याशी काकांनी गाडी झाडाखाली लावली, पण उतरले नाहीत. "तू जा. मी इथे आहे." मग दार उघडून वाकले, ओढ्याकाठचा एक दगड उचलला आणि माझ्या हातात दिला. "त्या दगडांवर ठेवू नकोस. पायाशीही नको. नुसता जवळ ठेव." मी निघाले तेवढ्यात पुन्हा हाक आली. "आणि ऐक. वर आपलं काही राहिलं असेल तर घेऊन ये."

वर तो ढीग पडला होता तसाच होता, कुणी हात लावलेला नव्हता. बास्क लोकांनी आपले दगड भोवताली ठेवले. मी काकांचा दगड त्यांच्यापासून जरा लांब ठेवला. मग खाली बसून शोधलं. त्या दिवशी आम्ही घाईघाईने सगळं वेचलं होतं, तरी दोन दगडांच्या फटीत करवंटीचा एक तुकडा अडकलेला होता, शेंडीचे चार धागे अजून चिकटलेले. बर्फाने त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी तो मुठीत घेतला आणि कुणाला दिसू दिला नाही. बासरी वाजली. मी नाच बघितला नाही, दगड बघत राहिले.

खाली आले तर काकांच्या गाडीत दोघं होते. शाबिएरला या वर्षी मागच्या कच्च्या रस्त्यानेही जाणं झेपलं नव्हतं. त्याला खालीच थांबवून बाकीचे गेले होते, आणि तो स्वतः काठी टेकत येऊन काकांच्या शेजारच्या सीटवर बसला होता. किती वेळ, माहीत नाही. काका समोरच्या काचेतून डोंगराकडे बघत संत्रं सोलत होते. एक एक फोड न बघता शेजारी धरत होते आणि तो घेत होता. त्याने खाल्लेल्या फोडीची बी तळहातावर काढली. काकांचा हात आपोआप पुढे झाला. बी काकांच्या हातात आली.

मी काकांच्या खिडकीशी गेले. काच खाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मूठ उघडली.

काकांनी तो तुकडा पटकन घेतला आणि मूठ मिटली. शाबिएरने पाहिलं होतं. पाहिलं होतं हे मी पाहिलं. त्याने सावकाश मान फिरवली आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून ओढ्याकडे बघू लागला. बराच वेळ, काही विशेष दिसत असल्यासारखा, काकांनी ती करवंटी उजव्या खिशात घालेपर्यंत.